पापडाच्या कारखान्यातली वेणीफणी

माझ्या केसांचा मला गर्व आहे आणि तो मी कुणापासून लपवत नाही. पन्नाशी उलटली, कपाळाजवळ चांदी चढली, पण वेणी अजून कमरेला टेकते आणि टोकापर्यंत भरलेली राहते. बदलापूरला आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये बायका मागून विचारतात, "काय लावता हो केसांना?" त्यांना एखाद्या बाटलीचं नाव हवं असतं. मी सांगते, "फार काही लावत नाही, फक्त छळत नाही." त्यांना वाटतं, ही बया काहीतरी लपवतेय. मग मीही जास्त समजावत बसत नाही.

हे न छळणं मला आईने शिकवलं. ती अंबरनाथला एका कारखान्यात कामाला होती आणि तिचे हात खडबडीत झाले होते, पण त्याच हातांनी ती आमचे केस विंचरायची तेव्हा डोक्यावर कुणी फुंकर घालतंय असं वाटायचं. रविवारी विहारात जायच्या आधी आम्हा बहिणींना ओळीने बसवायची. आधी बोटांनी गुंता सोडवायचा, मग मोठ्या दातांची फणी, तीही खालून. टोकं मोकळी झाली की थोडं वर, मग आणखी वर. वरून खाली सपकन फणी ओढली की तिची चापट बसलीच. ओले केस बांधायचे नाहीत, टॉवेलने झटकायचे नाहीत, जुन्या सुती साडीच्या तुकड्यात दाबून पाणी टिपायचं. आमच्या वस्तीत नीटनेटकं राहणं ही हौस नव्हती, तो मान होता. लोकांनी बोट दाखवायला जागा शोधली तरी ती सापडू नये, असं आईचं म्हणणं होतं, आणि तिच्या मुलींच्या डोक्यात ती कधी सापडली नाही.

तर हे एवढं भांडवल घेऊन मी उल्हासनगरला कॅम्प चारमधल्या पापडाच्या कारखान्यात कामाला लागले, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. मालकीण सिंधी. आम्ही सगळ्या तिला दादी म्हणतो. सिंधीत मोठ्या बहिणीला दादी म्हणतात, ती काही आजीच्या वयाची नाही, माझ्याहून लहानच असेल. बाई कामाला कडक, बोलायला त्याहून कडक, पण पगार वेळेवर आणि आजारपणात विचारपूस ठरलेली. उडदाचं पीठ, मिरी, हिंग यांचा वास तिथे भिंतींनाही लागलाय. आत काही जणी लाट्या करतात, काही जणी लाटतात, आणि मी पॅकिंगच्या टेबलाची प्रमुख. प्रत्येकीच्या डोक्यावर ती पातळ, इलास्टिकची फुगीर टोपी. टोपीबाहेर केस दिसला की दादीचा आवाज रस्त्यापर्यंत जातो.

मागच्या पावसाळ्यात एका गिऱ्हाइकाच्या पाकिटात केस निघाला. पापडात लाटला गेलेला, चांगला लांब, काळाभोर केस. गिऱ्हाइकाने फोटो पाठवला. दादी तो फोन हातात धरून आत आली आणि सगळ्यांना काम थांबवायला लावलं.

"आज फोटो भेजा है, कल रील बनवेल, मग काय करायचं मी? दुकान बंद?" ती म्हणाली. "ये देखो, साफ बोलते. महिन्याभरात हे थांबलं नाही, तर ज्यांचे केस गळतात त्यांनी केस कापायचे. मान्य नसेल त्यांनी घरी बसायचं."

सगळ्या खाली बघत होत्या. पण एका पोरीकडे बघायचं सगळ्यांनी टाळलं, त्यावरूनच मला कळलं की प्रत्येकीच्या मनात तीच आहे.

ती म्हणजे आमच्यातली सगळ्यात लहान. बदलापूरजवळच्या चामटोली गावची सून, बाळंत होऊन नुकतीच कामावर परत आलेली. बाळाला सासूजवळ ठेवून यायची. लग्न होऊन आली तेव्हा तिची वेणी बघून मी मनातल्या मनात म्हटलं होतं, आता मला जोडीदार मिळाली. आणि आता टोपी काढली की टोपीत केसांचा गोळा. भांगाची रेघ रुंद झाली होती, कपाळाच्या दोन्ही बाजूंना टाळू दिसायला लागली होती. नवरा गाडी चालवतो, पण काम कधी असतं कधी नसतं. तिच्या या नोकरीवरच घर उभं होतं. जेवणाच्या सुट्टीत ती माझ्याजवळ आली आणि पदराखाली हात धरून मला दाखवला. बोटांना केस गुंडाळलेले.

"बघ गो ताई, नुसता हात लावला तरी हातान येतान. मना घरी बसवतील का गो?"

मी म्हटलं, "बसवून तर बघू देत." तोंडाने म्हणाले खरी, पण कसं करायचं ते मला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम लवकर गेले आणि कपडे बदलायच्या खोलीत एका कोपऱ्यात बसून राहिले. एकेक जण येत गेली. आली की घाईघाईत अंबाडा करकचून बांधायची, वर रबर, त्यावर टोपी. आणि प्रत्येकीचा अंबाडा ओला. कुणाच्या मानेवरून पाणी ओघळत होतं. मी एकीचा अंबाडा दाबून बघितला, भिजलेल्या पायपुसण्यासारखा लागला.

"ही रोज सकाळची अंघोळ डोक्यावरून?" मी विचारलं.

"मग काय करणार ताई? पिठाचा नि हिंगाचा वास जात नाही. घरात पोरं नाक धरतात."

बघा, म्हणजे केसांना वास राहू नये म्हणून रोज साबणाने धुवायचे, तेही बदलापूर-अंबरनाथच्या टँकरच्या नाहीतर बोअरच्या पाण्याने, ज्यात बादलीला पांढरा थर बसतो. मग ओलेच आवळून दिवसभर प्लास्टिकखाली कोंडायचे. संध्याकाळी सोडले की तुटलेल्या केसांची टोकं झडणार नाहीतर काय होणार? एवढ्या स्वच्छ बायका, आणि स्वच्छतेपायीच केसांचं वाटोळं करून घेत होत्या. मला इतका राग आला की मी तिथेच सगळ्यांना झापलं. कुणावर राग होता ते सांगता येणार नाही, पण आवाज चांगलाच चढला.

झापून झाल्यावर काम सुरू केलं. घरातल्या जुन्या सुती साड्या फाडून रुमाल केले, टोपीच्या आत आधी रुमाल बांधायचा. पीठ केसांपर्यंत पोचलंच नाही तर रोज धुवायचं कारण उरत नाही. आठवड्यातून दोनदा धुवायचे, तेही कामावरून घरी गेल्यावर, म्हणजे सुकायला वेळ मिळतो. शेवटचा तांब्या प्यायच्या पाण्याचा. तेल लावायचं ते टोकांना थोडं, धुवायच्या आधी. तेलाने नवे केस उगवतात हा भ्रम मी कुणाच्या डोक्यात राहू दिला नाही. तुटायचे ते कमी तुटतात, एवढंच. रबर बंद, त्याऐवजी कापडाची पट्टी, आणि वेणी सैल.

आणि मग आमची गाडी सुरू झाली. हे नाव त्यांनीच दिलं. कामाला लागायच्या आधी खोलीतल्या बाकांवर सगळ्या एकीमागे एक बसायच्या आणि प्रत्येकीने पुढचीचे केस विंचरायचे. आपले आपण विंचरताना माणूस मागचं सोडून देतं, पुढचं ओढतं. दुसरीच्या हातात दिले की गुंता नीट सुटतो आणि जे केस गळायचेच आहेत ते फणीत येतात, पापडात जात नाहीत. पहिल्या आठवड्यात फणी ओढण्यावरून भांडणं झाली. "माझी सवत असल्यासारखी काय ओढतेस?" असं एक जण ओरडली आणि सगळ्या हसत सुटल्या. पुढे हात बसले. इंजिन मी, सगळ्यांच्या मागून ढकलणारं. माझ्या मागे कुणी नाही असं ठरलं होतं, पण त्यांनी ते चालू दिलं नाही. गाडी गोल वळवली आणि सगळ्यात पुढची माझ्यामागे येऊन बसली.

बाकी सगळ्यांचा फरक दिसायला लागला. टोप्या रिकाम्या निघायला लागल्या. फक्त त्या पोरीचं गळणं थांबेना. रुमाल, फणी, सगळं करूनही तिच्या टोपीत गोळा तेवढाच. मी घाबरले, हे सांगायला मला लाज नाही. मी तिला घेऊन बदलापूरला डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी नीट बघितलं, रक्त तपासायला सांगितलं, आणि मग म्हणाल्या की बाळंतपणानंतर काही महिन्यांनी असे केस गळतात, बऱ्याच जणींचे गळतात, आणि आपोआप परत येतात. रक्त जरा कमी होतं, त्याच्या गोळ्या दिल्या, पोटभर जेवायला सांगितलं. "कितीही काळजी घेतलीत तरी हे लगेच थांबणार नाही," त्या म्हणाल्या. "वेळ द्यावा लागेल."

नेमका वेळच आमच्याकडे नव्हता. महिना संपत आला होता.

शेवटच्या दिवशी दादी आत आली आणि सरळ त्या पोरीसमोर उभी राहिली. पोरीने पिशवीतून घरची कात्री काढली आणि माझ्या हातात दिली. "तूच काप ताई. न्हाव्याकडं नको." तिने वेणी पुढे घेतली. डोळ्यांत पाणी नव्हतं, ती ठरवूनच आली होती, आणि तेच मला बघवेना.

मी कात्री टेबलावर ठेवली. "दादी," मी म्हटलं, "कापून गळायचे थांबतात असं तुम्हाला कुणी सांगितलं? कापले तरी तितकेच गळणार, फक्त आखूड होऊन गळणार. लांब केस पिठात दिसतो, हाताला लागतो, काढून टाकता येतो. बोटाएवढा केस कुणाला दिसणार? तो थेट गिऱ्हाइकाच्या दाताखाली. तुम्हाला लांब केस हवा की आखूड, ते सांगा, मी कापते."

दादीने कात्रीकडे बघितलं. मी थांबले नाही. "आणि हिचं बाळंतपण झालंय. डॉक्टर म्हणाल्या परत येतील. तुमच्या मुलांच्या वेळी तुमचे नव्हते गेले?"

दादीचा हात नकळत स्वतःच्या डोक्यावर गेला. "गए थे," ती म्हणाली. "दोनों बार गए थे." मग आवाज परत चढवून, "तिची जबाबदारी तुझी. एक बाल निकला तो वो भी घर, तू भी घर."

"चालेल," मी म्हटलं. तेव्हा माझी छाती जी फुगली होती ती मला अजून आठवते.

त्यानंतर तिचे केस रोज मीच विंचरले. इतरांचे एकदा, तिचे दोनदा, सकाळी आणि जेवणानंतर. दोन रुमाल, वर टोपी. तिला पिठापासून हलवून माझ्या टेबलावर माझ्या नजरेसमोर घेतलं. एकदा दादी बंद पाकीट उजेडात धरून धावत आली, आत काळी रेघ दिसत होती. पाकीट फोडलं तर उडदाच्या पोत्याचा सुतळीचा धागा. दादीने पोतेवाल्याला फोनवर जे ऐकवलं त्यातलं निम्मं सिंधी होतं, पण अर्थ सगळ्यांना कळला.

पावसाळा सरला, थंडी आली. तिचं बाळ रांगायला लागलं. मग एका सकाळी दादी दारातूनच ओरडली, "ए लडकी! टोपी के बाहर क्या है ये?"

पोरीच्या कपाळावर, टोपीच्या कडेखालून, आखूड आखूड केस बाहेर आले होते. तिने घाईने बोटांनी आत दाबले, ते परत बाहेर. पाणी लावून दाबले, तरी परत बाहेर, सरळ उभे. दादी जवळ गेली, स्वतःच्या अंगठ्याने दाबून बघितलं. ऐकायलाच तयार नाहीत.

"दादी," मी म्हटलं, "ते गळत नाहीयेत. उगवतायत."

दादी त्या कपाळाकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "रुमाल जरा पुढे बांध," आणि निघून गेली, पण जाताना हसत होती. सगळ्या जणी कामं टाकून जमा झाल्या. जी ती बोट फिरवून बघत होती. मी तर अशी मान ताठ करून उभी होते की जणू ते माझ्याच डोक्यावर उगवलेत.

पोर माझ्याजवळ आली आणि कपाळ पुढे केलं.

"वढून बघ ना ताई."

"नको गं."

"वढ ना!"

मी त्यातले चिमूटभर धरले आणि ओढले, आधी हळू, मग जरा जोरात. ती "आई गं" करून ओरडली आणि हसायला लागली. मी चिमूट उघडून बघितली. बोटांत एकही केस आला नव्हता.