बाबारावांची नगरी

नागपूरला चहूकडून गाड्या येतात आणि चहूकडे निघून जातात, उतरत मात्र कोणी नाही, हे बाबाराव ढोबळ्यांचं जन्माचं दुखणं. कुणाला दमा असतो, कुणाला संधिवात. यांना हे होतं. "दिल्लीवाला उतरत नाही, मद्रासवाला उतरत नाही. संत्रं घेते, साल फेकते अन् चालला पुढं! अरे, गाव हाय का पिकदाणी?" असं ते कचेरीत जेवणाच्या सुट्टीत तावातावानं म्हणायचे आणि बाकीचे ट्रेसर डब्यात तोंड घालून हसायचे.

बाबाराव सरकारी कचेरीत ट्रेसर होते. साहेबांनी पेन्सिलीनं काढलेला नकाशा शाईनं कापडावर उतरवायचा, एवढंच काम. रस्ता कुठून जावा, बाग कुठं व्हावी, हे ठरवणारे दुसरे. बाबारावांनी फक्त रेघ हलू द्यायची नाही, आणि बत्तीस वर्षं ती हलली नाही. पण माणूसच तो, कधीतरी आपल्या मनची रेघ काढावीशी वाटणारच की! त्रेसष्ट साली, मुलगा मधुसूदन नऊ वर्षांचा असताना, त्यांनी ती काढली. एक खेळच काढला. नाव ठेवलं नगरी.

मधोमध स्टेशन, भोवती दोनशे चौकोन. कवड्या टाकायच्या, जेवढं दान पडेल तेवढे चिंचोके स्टेशनात आले समजायचे. चिंचोके म्हणजे प्रवासी. प्रत्येकानं आपल्या चौकोनांत गाव वसवायचं, रस्ते, नळ, बगीचा, धर्मशाळा, तलावात नावा, आणि चिंचोक्याला गाडीतून उतरवून दाखवायचं. नाही जमलं तर पुढच्या दानाला तो गेला. नियम मोठे कडक. बगीचा केला पण पाणी नाही, प्रवासी तासाभरात परत. धर्मशाळा बांधली आणि संडास विसरला, तर निघालेला चिंचोका आणखी दोघांना सोबत घेऊन जाणार. "बदनामी एकटी नाही जात, बाबू," असं बाबाराव म्हणायचे आणि पोराचे तीन चिंचोके उचलून घ्यायचे. पोरगं चिडायचं, रडायचं, पण पुन्हा कवड्या हातात घ्यायचं.

एकदा मधू म्हणाला, "बाबा, मावशीच्या गावाले काय बाग हाय? तलाव हाय? तरी आपन चार-चार दिवस राह्यतो. काहून? मावशी हाय म्हनून." बाबारावांनी हातातल्या कवड्या खाली ठेवल्या. साहेब लोकांच्या डोक्यात जे येत नाही ते या टिल्ल्या पोराच्या डोक्यात आलं! त्या दिवसापासून नवा नियम झाला: ज्याच्या गावात ओळखीचं घर, तिथंच प्रवासी मुक्कामाला राहणार. पुढं सहा वर्षं मधू बापाला हरवत होता.

इतवारीत भांडे ओळीच्या मागं त्यांच्या दोन खोल्या. दिवसभर तांब्यापितळेवर हातोड्या पडायच्या, त्यावर जिजाबाईंचा आवाज: "अवो, पोराच्या परीक्षा हायेत, अन् तुमी चिंचोके घेऊन काय बसून राहिले?" जिजाबाई, म्हणजे बाबारावांची बायको, फटकळ पण संसाराला चिवट. कचेरीत शाई सांडून खराब झालेलं ट्रेसिंगचं कापड टाकून देत. ट्रेसर लोक ते घरी न्यायचे. कडक, निळसर, खळ लावलेलं कापड. सोडा टाकून उकळलं की खळ निघायची, खळीबरोबर शाई निघायची, आणि हाती यायचं लोण्यासारखं मऊ सूत. कचेरीतल्या झाडून साऱ्या ट्रेसरांची लेकरं त्याच कापडाच्या झबल्यांत वाढली. मधूही वाढला. त्याच्या अंगावर कधी पुलाची, कधी कालव्याची पुसट रेघ राहून जायची, आणि जिजाबाई त्यावरच लेकराला पावडर लावायच्या.

मधू शिकला, इंजिनिअर झाला, कलकत्त्याला नोकरीला लागला. मुंबईची मुलगी केली. दर वर्षी कलकत्त्याहून मुंबईला सासरी जायचा आणि वाटेत काय लागणार? नागपूर! गाडी पंधरा मिनिटं थांबायची. म्हातारा-म्हातारी डबा घेऊन तासभर आधीच फलाटावर हजर. खिडकीतून डबा आत, आदल्या वर्षीचा रिकामा डबा बाहेर. "पुढल्या खेपेले नक्की उतरतो, बाबा." जन्मभर दुसऱ्यांना गाडीतून उतरवण्याचे नियम बसवले त्या माणसाचा मुलगा गाडीतून उतरेना. देवानं थट्टा केली म्हणायची, दुसरं काय?

नात झाली तिचा एक फोटो आला, दीड वर्षाची असतानाचा, तो भिंतीवर लागला. ऐंशी साली गाडीत ती झोपलेली होती. आजीला पांघरुणाबाहेर आलेले तिचे दोन पाय दिसले, तेवढ्यात सिग्नल पडला. जिजाबाई घरी येऊन तीन दिवस त्या पायांबद्दलच बोलत होत्या. पुढल्या साली मधू एकटाच गेला.

ब्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात पत्र आलं: यंदा दोन दिवस उतरतो. नात आता चार वर्षांची आहे, आजी-आजोबा कोण म्हणून विचारते.

खरं तर हा बेत दिवाळीपासूनच ठरत होता, आणि बाबारावांनी तेव्हापासूनच तयारी धरली होती. रिटायर होऊन गांधीबागेत देवाजींच्या कापडाच्या दुकानात ते पाट्या-चिठ्ठ्या लिहायला बसत. तिथंच, दुपारी गिऱ्हाईक नसताना, घरी उरलेल्या शेवटच्या ट्रेसिंग कापडाच्या कोऱ्या भागावर नवी नगरी काढायला घेतली. जुनी केव्हाच चिंधी झाली होती. हात कापायचा, भिंग धरून रेघ ओढावी लागायची. तलावात नातीसाठी बदकाच्या तोंडाची नाव काढली, बागेत जिराफ काढला. सहा महिने! घरी बोलले नाहीत. जिजाबाई म्हणणार, म्हातारचळ लागला.

देवाजी विचारायचे, "येवढं जिवावर उदार होऊन कायले करता?" तेव्हा बाबाराव मनातलं बोलून गेले, "पोरगी एकदा खेळली का दर साली हट्ट धरन. माह्यासाठी मधू उतरत नाही, पन पोरीच्या हट्टापुढं बाप उतरतेच." देवाजींनी चहा मागवला.

नगरी पुरी झाली. बाबारावांनी गुंडाळी करून घरच्या पेटीत, जुन्या खराब कापडांच्या जागी तळाशी ठेवली आणि वर धोतर टाकलं. आपलं डोकं किती चालतं याचा त्यांना अभिमान वाटला.

मधू यायच्या पाच दिवस आधी ते दुकानातून घरी आले तर अंगणात दोरीवर पांढरं कापड वाळत होतं. खाली बादलीत निळंकाळं पाणी.

"पाहा तं कपडा किती मऊ निंघाला!" जिजाबाईंचा चेहरा नुसता फुलला होता. "पेटीत एकच उरला होता वं माय, म्या म्हटलं, देवानंच ठेवला नातीसाठी. दुकानातला फ्राक तं तिची मायही घेते. हा मऊपना कोन देईन?" मोतीबिंदूनं त्यांना दोरीवरचं कापडही नीट दिसत नव्हतं, जिजाबाई हातानंच चाचपत होत्या. रेघा त्यांना पुसट दिसल्याही असतील. पण त्या घरात रेघा नसलेलं ट्रेसिंग कापड आलं होतंच कधी?

बाबारावांच्या तोंडाशी शिवी आली. उभ्या संसारात बायकोला दिली नव्हती ती. दोरीवर जिराफाचा एक करडा डाग उरला होता, बाकी गाव साफ. ते ओट्यावर बसले, चपला काढल्या. सांगावं तर काय सांगावं? की तुझ्यापासून लपवलं म्हणून बुडालं? तिचा तो हात कापडावरून फिरत होता, अगदी मधूला थोपटायची तसा.

"चांगला निंघाला," ते म्हणाले.

चार वर्षांची पोर केवढी असते हे जिजाबाईंना कळत नव्हतं असं नाही. गल्लीत पोरी रोज दिसत. पण सुई हातात घेतली की डोळ्यांपुढं भिंतीवरचा फोटो यायचा, आणि ते दोन पाय. मापाला दुसरं काही नव्हतंच. फ्रॉक शिवून झाला, गळ्याला पिको झाला.

मधू यायच्या दिवशी पहिल्यांदाच बाबाराव स्टेशनवर डब्याशिवाय गेले. घरी वडा-भाताचा घाट घातलेला, डबा कशाला? जिजाबाईंनी फ्रॉक तेवढा कागदात बांधून दिला. "पोरगी नवखी हाय, रडन. हातात काही तं द्या."

गाडी आली. मधू दारात उभा होता, हातात सामान नव्हतं. बाबारावांना तिथंच कळलं.

"बाबा, मेव्हण्याचा साखरपुडा एकदम उद्यावर आला. तार करणार होतो..." मधू खाली मान घालून बोलत होता. वाईट नव्हता तो, अडकलेला होता. मागून नात आली. उंच, दोन वेण्या घातलेली. आईला विचारलं, "मम्मी, ये कौन हैं?"

बाबारावांनी पुडा पुढं केला. सुनेनं सोडला, फ्रॉक मुलीच्या अंगाला लावून पाहिला. तो तिच्या पोटाच्या वरच राहिला. "अगं बाई, हा तर हिच्या बाहुलीला होईल," ती हसली, आणि म्हाताऱ्याचं तोंड पाहून फ्रॉकची घडी घालू लागली.

मधूनं कापड चिमटीत धरलं. "ट्रेसिंगचं नं, बाबा? अजून मिळते?" मग एकदम नऊ वर्षांच्या पोरासारखा म्हणाला, "आपली नगरी हाय का हो अजून? हिले एकदा शिकवाले पायजे."

"हाय नं. कुठं जाते?" बाबाराव म्हणाले. "खेळाले या."

गाडी हलली, फ्रॉक मधूच्या हातातच राहिला. नातीनं सगळ्या फलाटालाच हात हलवला.

बाबाराव पायी घरी आले. जिजाबाई दारात होत्या, मागं चार पानं मांडलेली. त्यांनी मागं कोणी आहे का म्हणून डोळे ताणून पाहिलं. पदरानं तोंड पुसलं. म्हणाल्या, "केवढी झाली वं माय माही नात?"

बाबारावांनी हात कमरेशी धरला, नातीच्या खऱ्या उंचीला. मग तो हळूहळू खाली आणला, पार गुडघ्यापाशी, आणि जिजाबाईंचा हात धरून त्यावर ठेवला.

"इतकीच," ते म्हणाले.

"मंग फ्राक बरोबर बसला असन," जिजाबाई म्हणाल्या, आणि भात वाढायला आत गेल्या.