पुसातला धवला

आमची हेमांगी बारावीत आहे. रंगानं बापावर गेलीय आणि आळसानंही बापावरच. काम शेवटच्या आठवड्यावर ढकलायचं आणि मग घरातल्या सगळ्यांना पळवायचं, ही बापलेकीची रीत. बाप म्हणजे माझा गोपीनाथ. त्याला बोलायची सोय नाही, म्हणून मी नातीला बोलते.

समाजशास्त्राला वीस मार्कांचा प्रकल्प असतो. लेखी पेपरात सहामाहीला पोरगी गडगडली होती. वीस मार्क हातात नसतील तर बारावी गेली, हे तिला आणि मला दोघींना ठाऊक होतं. गोपीनाथला सांगायची हिंमत दोघींत नव्हती. विषय तिनंच घेतला, आपल्या आगरी लग्नातले धवले. लग्नात एकेक विधी चालतो तसं त्याचं गाणं म्हणणारी बाई ती धवलारीण. आता आमच्या मानपाड्याच्या बाजूला एकच उरलीय, मालनबाय. सरांनी बजावलं होतं, नेटवरचं उतरवून आणलं तर परत पाठवीन, बाईचा आवाज पाहिजे.

मार्गशीर्षात चुलत घरी लग्न होतं. ही मोबाईल धरून मालनबायच्या पुढ्यात बसली. घरी येऊन ऐकलं तर सगळा डीजे. मधेच कुणीतरी "अरे आवाज वाढव" ओरडतोय, तेवढं मात्र स्वच्छ.

"जानेवारीत अजून लग्नं असतीलच ना, आजी."

"जानेवारीत पूस लागतोय, बाये. पुसात कुणाचं लग्न होतं?"

पोरगी भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे बघत राहिली. गॅस आला की त्यावर लिहायची, पण त्यावरचा पौष कधी वाचला नव्हता.

पूस लागला आणि शेवटचा आठवडा आला; शुक्रवारी प्रकल्प द्यायचा होता. खडवलीला माझ्या माहेरी एक धवलारीण होती, तिच्याकडे फोन लावला. ती दिवाळीतच गेली होती. हेमांगीनं जेवण सोडलं. रात्री कूस बदलताना मला म्हणे, "मी बसणारच नाही परीक्षेला." मी म्हटलं, "झोप." दुसरं काय म्हणणार? मी चौथी शिकलेली बाई.

सकाळी तिला घेऊन मालनबायकडे गेले. तिची चाळ पडून टॉवर झालाय, ती सहाव्या मजल्यावर खिडकीशी बसलेली असते.

"नाय गो," तिनं सरळ सांगितलं. "मांडव नाय, नवरी नाय, आन पुसात धवला? गानं सुटलं की त्याला जागा लागते. नवरी नसली तं कुनाच्या घरात शिरंल?"

"आजी, गाऊ नका. नुसतं बोलून दाखवा. प्लीज." हेमांगीनं तिचे पाय धरले. मला ते बघवेना.

"बाप ओरडंल काय?"

"बाप ओरडेल, सर हसतील आणि माझं वर्ष जाईल."

मालनबायनं माझ्याकडे पाहिलं. "पाया पडायला बरी शिकवून आनलीस." मग डोळे मिटून तिनं तांदूळ पाखडायची पहिली ओळ म्हटली. थांबली. परत तीच म्हटली. परत थांबली. हेमांगीनं मोबाईल जवळ नेला. ओळ तिसऱ्यांदा आली आणि पुढे काहीच नाही. मालनबायचा हात मांडीवरचं सूप हलवावं तसा हलत होता, पण सूप नव्हतं.

"विसरलात का?" पोरीनं विचारलं. मी तिला कोपरानं ढोसलं, पण उशीर झाला होता.

मालनबाय चिडली. "विसरतेय कशाला? जनाय नाय ना. मी ओळ टाकायची, तिनं झेलायची. तिनं झेलली का मना पुडची दिसते. एकलीला नाय दिसत." जनाय तिची जोडीदारीण, करोनात गेली. "लग्नात बायका मागनं काय बी ओरडतात, ते झेलनं नाय. म्हनून सांगते पूस हाय, पूस हाय. तुमी ऐकत नाय."

हेमांगीनं मोबाईल चालू होता तसाच खाली ठेवला. आता ही रडणार, मी मनात म्हटलं. आणि रडलीच, पार हुंदके देऊन. मग नाक पुसत, घोगऱ्या आवाजात तिनं ती पहिली ओळ झेलून परत म्हटली. चाल चुकली, शब्दही एक चुकला.

"बकरी हायेस काय? शेवट वर न्यायचा."

तिनं वर नेला. मालनबायनं डोळे उघडले आणि दुसरी ओळ म्हटली. ही येईल हे मला वाटतं तिलाही ठाऊक नव्हतं.

दुपार झाली. पोरीचा घसा बसला. प्रत्येक ओळ नीट झेलल्याशिवाय म्हातारी पुढची सोडेना. तांदूळ झाले, उखळ झालं, हळद दळून झाली, नवरीला हळद लावायला पाटावर बसवलं. तिथं मालनबाय परत अडकली. हेमांगीनं पाचपन्नास वेळा झेललं, पण पुढचं आलं नाही. "लई दिस झाले गो," एवढंच म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली.

शुक्रवारी मी पोरीबरोबर कॉलेजच्या फाटकापर्यंत गेले. तासाभरानं बाहेर आली.

"काय म्हणाले?"

"म्हणाले अर्धवट का. मी म्हटलं, सर, एवढंच आहे, पुढचं कुणाकडेच नाही. मग त्यांनी परत ऐकलं." 

"घेतलं की नाही?"

"घेतलं. मार्क देताना बघू म्हणाले."

बघू म्हणजे काय, ते ना तिला कळलं ना मला. रिक्षात ती मोबाईल कानाला लावून तेच गाणं ऐकत होती. नाक्यावर उतरलो तर घराकडे न वळता टॉवरकडे चालू लागली.

"अगं, आता तर देऊन आलीस ना? जेव तरी."

मागे न बघता म्हणाली, "नवरी अजून हळदीतच बसलीय, आजी."