तारामतीबाईंचे तणाचे फोटो

देवणीजवळच्या एका गावात तारामतीबाई बिरादार राहतात आणि त्यांना तणाचं वेड आहे. शेतकऱ्याच्या बाईने तणाच्या प्रेमात पडावं, म्हणजे मांजरीने उंदराला ओवाळावं, असं त्यांचे यजमान श्रीमंतराव म्हणतात. त्यात खोटं काही नाही. ज्या कुर्डूला अख्खं गाव खुरप्याने उपटून फेकतं, त्याच्यापुढे या बाई भादव्यात पदर खोचून उकिडव्या बसतात, श्वास रोखतात आणि फोटो काढतात. मोबाईल लेकीचा जुना. लेक तनुजा, नांदेडला कॉलेजात शिकवते. एकदा बाई केन्याचं निळं फूल टिपत होत्या, तर त्यांच्याच देवणी गाईने मान घालून ते डोळ्यांदेखत खाऊन टाकलं. तोही फोटो त्यांनी ठेवलाय. त्यात नुसती जीभ दिसते.

पण खरी चंगळ हिवाळ्यात. दिवाळी सरली की बांधावरचं सगळं वाळून करड्या रंगाचं होतं, सकाळी धुकं, गुडघे कुरकुरतात आणि दिवस तर असा आखडतो की जेवून हात धुवावेत तर संध्याकाळ. अशा दिवसांत तारामतीबाई ओट्यावर कोवळ्या उन्हात बसतात आणि मोबाईल उघडतात. शेजारच्या लक्ष्मीबाई भुईमुगाच्या शेंगा फोडत फोडत जवळ सरकतात.

"आज काय दावतीस?"

"विष्णुकांता."

"कालचीच की गं."

"कालची उजव्या अंगानं होती."

मग नखाएवढ्या त्या निळ्या फुलावर दोघी असा जीव टाकतात की शेंगा सुपात तशाच राहतात. गेल्या साली तनुजाने आईला मोबाईल टीव्हीला जोडायला शिकवलं. तेव्हापासून श्रीमंतरावांच्या बातम्या मध्येच गुल होतात आणि पडद्यावर रेडकाएवढं कुर्डू उभं राहतं. बिचारे पाच मिनिटं त्याच्याकडे बघत बसतात आणि चहा मागतात.

यंदा मात्र त्यांनी धुरा मोडायचं ठरवलं. धुरा म्हणजे बांध. त्यांच्या दोन तुकड्यांमधला हा धुरा बैलगाडी जाईल इतका रुंद, आणि बाईंची झाडून सगळी फुलं तिथलीच, कारण बाकीच्या रानात तणनाशक फिरतं. तूर निघाली की जेसीबी लावून तो सपाट करायचा, चार तासं, म्हणजे चार ओळी, जास्त पेरता येतील, असा हिशोब. वैजनाथ जेसीबीवाल्याला शब्दही देऊन झाला. ते ऐकून बाई जेवल्याच नाहीत. पुढच्या हिवाळ्यात उन्हात बसून बघायचं काय, भिंत? भांडून बघितलं, रुसून बघितलं, मीठ कमी घालून बघितलं. श्रीमंतराव हलले नाहीत.

मग त्यांनी तनुजाला फोन केला, आणि मायलेकींनी बेत रचला. येळवशीला, म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावस्येला, आमच्याकडे घरात कोणी राहत नाही. सगळे रानात. कडब्याचं खोपटं, म्हणजे कोप, उभारायची, आत चुन्याने रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, पूजा करायची आणि मग भज्जी, आंबील, उंडे असं पोटाला तडस लागेपर्यंत जेवायचं. त्या दिवशी पाहुणे खूप. तनुजाने पाच फोटो मोठे करून, काचेच्या चौकटीत बसवून आणायचे, पाहुण्यांनी वाहवा करायची आणि चारचौघांत श्रीमंतरावांना लाज वाटून धुरा वाचायचा.

तनुजाने आणले. कुर्डू, केना, कळलावी, तरवड आणि विष्णुकांता. पण त्या दिवशी वारं असं सुटलेलं की चौकटी बाहेर ठराव्यात कशा? म्हणून तिने त्या कोपीत नेल्या आणि पांडवांच्या मागे, कडब्याला टेकवून ओळीने ठेवल्या. घोटाळा इथेच झाला.

गुरम्माआत्या ही श्रीमंतरावांची आत्या. बिदरकडची, नव्वदीला आलेली, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पण तिच्याशिवाय या घरात पूजा हलत नाही. ती वाकून आत शिरली, पाच पांडवांना हळदकुंकू लावलं, मागे आणखी पाचजण हाताला लागले, त्यांनाही लावलं. आत्याने लावलं म्हटल्यावर सुनांनी लावलं, जावांनी लावलं. शेवटी श्रीमंतराव आले. कोपीतल्या अंधारात काचांवर नुसतं कुंकू दिसत होतं; टोपी सावरून त्यांनी नारळ फोडला, पाचही चौकटींपुढे डोकं टेकलं आणि ओलगे-ओलगे अशी येळवशीची आरोळी देत त्यांच्यावर आंबील शिंपडली. बाहेर तारामतीबाई पदर तोंडात कोंबून उभ्या होत्या आणि हसू आवरावं म्हणून लक्ष्मीबाईंच्या दंडाला चिमटे काढत होत्या. लक्ष्मीबाईंचा दंड लाल झाला.

शेवटी तारामतीबाईंनाच राहवेना. "आत्या, देव न्हाईत ते. आपल्या धुऱ्यावरचं तण हाय."

आत्याने शांतपणे हात पुसले. "अय्यो, तण कसं? कोपीत बसलंय, नारळ घेतलंय. आता देवच झालं बा ते."

सगळं रान हसलं. तनुजा तर कडब्यावर पडूनच हसली. श्रीमंतराव तेवढे हसले नाहीत.

"फोटो पुजले म्यां, धुरा न्हाई," ते म्हणाले. "फोटो घरी टांगा. धुरा जाणार."

इतका वेळ हसून दुखणारी बाईंची कूस आता नुसतीच दुखायला लागली. करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

जेवणं झाली, पाहुणे लवंडले. कुंकू काचेवर सुकून बसेल म्हणून श्रीमंतरावांनी चौकटी बाहेर आणल्या आणि उपरण्याने पुसायला घेतल्या. उन्हात धरल्यावर त्यांचा हात थांबला. टीव्हीवर ही फुलं दिसायची, पण अशी हातात धरून, एवढ्या जवळून त्यांनी ती कधी बघितली नव्हती.

"हे मागं पांढरं काय हाय?"

"तुम्ही," बाई म्हणाल्या.

कळलावीच्या मागे, धूसर, धोतर-टोपीतला एक माणूस खुरपं घेऊन वाकलेला. त्यांनी दुसरी चौकट उचलली. तरवडाच्या मागे तोच, खांद्यावर पंप. तिसरीत तोच, पाणी पिताना.

"सगळ्यात मीच कसा?"

"तुम्ही जिथं राबता तिथंच बसून राहते की मी. एवढ्या रानात एकली दुसरीकडं कुठं जाऊ? धुऱ्यावरनं तुम्ही दिसता."

श्रीमंतरावांनी केन्याची चौकट उचलली आणि नीट न्याहाळली. आत्याच्या मोतीबिंदूला तेवढं पांढरंच दिसलं असावं, कारण कुंकवाचं बोट फुलाला सोडून नेमकं मागे वाकलेल्या त्याच माणसावर टेकलं होतं.

"म्हंजी," ते सावकाश म्हणाले, "आज मी माझ्याच पाया पडलो?"

आधी त्यांचं पोट हललं, मग खांदे, आणि मग ते असे हसत सुटले की लवंडलेले पाहुणे उठून बसले. डोळ्यांतलं पाणी उपरण्याने पुसलं, तर कुंकू सगळ्या तोंडाला लागलं. तशाच लालभडक तोंडाने त्यांनी वैजनाथला फोन लावला.

"वैजनाथा, जेसीबी नको आणू. धुरा राहू दे. हाव, न्हाईच मोडायचा. तिथं आमची मंडळी बसत असती, माझे फोटो काढाया." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. श्रीमंतरावांनी बायकोकडे बघितलं आणि फोन तिच्यापुढे धरला. "वैजनाथ फोटो मागायलाय. मी ज्यात चांगला दिसतो तो धाड."