ओळख पटली

ओहोटी लागली की निशा खडकांत गुडघे टेकून दगड उलटे करू लागते. सागरी कृमी हा माझ्या बायकोच्या अभ्यासाचा विषय. परवा एका दगडाखाली बोटभर लांबीचा हिरवट कृमी सापडला. त्याची जात जबड्यावरून कळते, आणि जबडा तो आत मिटून ठेवतो. निशाने त्याला बशीतल्या पाण्यात सोडलं आणि भिंग डोळ्याला लावून वरून स्पिरिटचे थेंब टाकत राहिली. तो पिळवटला, वेटोळं झाला, हळूहळू सैलावला. मरता मरता जबड्याचे दोन काळे आकडे तोंडाबाहेर आले.

“पटली ओळख!” ती आनंदाने ओरडली. मग दगड हलक्या हाताने होता तसा पालथा घातला, खाली राहिलेल्यांना ऊन लागू नये म्हणून.

“जिवंत माणसाची ओळख होते गं,” मी म्हणालो. “पेपरात पटते ती नेहमी चादरीखालच्याची.”

इतकी वर्षं एका घरात काढून आमचीही नुसती ओळखच झालेली आहे. जबडे दोघांनीही आत ठेवलेत, म्हणून संसार नीट चाललाय.

बाटलीचं झाकण घट्ट करत तिने भिंगातूनच माझ्याकडे पाहिलं.

“तुझी पटायचीय अजून,” ती म्हणाली. “घाई नाही.”