खळबाई

सेलोटेप दिसला की खळबाईंचा पारा चढायचा. साताऱ्याच्या त्यांच्या पुस्तकं दुरुस्त करायच्या प्रशिक्षणवर्गाला मी सांगलीहून आमच्या वाचनालयाचं एक फाटकं पुस्तक नेलं होतं. पानापानाला टेप. बाईंनी ते उघडलं, मिटलं आणि विचारलं, "हे कुणी केलं?"

"माझ्या आधीच्या ग्रंथपालांनी."

"मग तू काढ. आधीच्यांनी लावलेलं काढणं, हीच आपली नोकरी."

अख्खा दिवस त्यात गेला. टेपबरोबर अक्षरंही निघाली. असला वैताग आला की संध्याकाळची एसटी पकडून घरी जावं आणि परत तोंड दाखवू नये, असं वाटलं. पण गेले नाही.

बाईंच्या खोलीत कायम गव्हाच्या सत्त्वाची खळ शिजत असायची, त्यावरून हे नाव. त्यांच्या पदराला, हातांना तोच वास. बाजारच्या गोंदाला त्या हातही लावू द्यायच्या नाहीत. "खळ पाण्यानं सुटते. आपण केलेलं उद्या दुसऱ्याला काढता आलं पाहिजे. आपण काय शेवटचे शहाणे आहोत का?" शाबासकी मात्र त्यांच्याकडे नव्हतीच. जीव मुठीत धरून एखादं जीर्ण पान अखंड उचललं, तरी बाई एवढंच म्हणायच्या, "आता पुढचं."

मग कृष्णेचं पाणी आमच्या वाचनालयात शिरलं. खालच्या कपाटांतली जुनी पुस्तकं भिजून टम्म फुगली. बाई मिळेल त्या एसटीनं आल्या. भिजलेल्या पुस्तकांना ऊन चालत नाही, वारा लागतो. एवढा वारा आणि सावली आणायची कुठून? बाईंनाच सुचलं, तासगावची बेदाण्याची शेडं! हंगाम नव्हता, शेडं रिकामीच होती. आमच्या वाचनालयाचे जुने सभासद आप्पा, त्यांनी लगेच आपलं शेड दिलं. "आवं बाई, द्राक्षं वाळत्यात, मग पुस्तकं का न्हाई वाळायची?" जाळ्यांच्या एकावर एक थरांवर आम्ही पुस्तकं पानं फाकवून उभी केली. बाई त्या दिवशी चक्क हसल्या.

उरलेली पुस्तकं आणायला आम्ही सांगलीला गेलो, तेवढ्यात आप्पांना काही पुठ्ठ्यांवर बुरशी दिसली. त्यांनी चारी बाजूंचे पडदे सोडले आणि बेदाण्याला देतात तशी गंधकाची धुरी दिली. आम्ही परतलो तर आप्पा दारातच उभे, खुशीत. "बुरशी लागाय लागली हुती. म्हनलं, बाईंना कशाला तरास. आता बगा, कशी ऱ्हात्यात!"

बाईंनी कपाळाला हात लावला. ओल्या कागदात गंधकाचा धूर शिरला की त्याचं आम्ल होतं, कागद आतून जळत जातो आणि काही वर्षांनी बोट लावताच तुकडे पडतात. मला तर ओरडावंसं वाटत होतं. बाईंनी चहा मागितला, प्यायल्या आणि मला म्हणाल्या, "चूक माझी आहे. शेड मागितलं, पण शेडवाल्याला शिकवलं नाही." मग आप्पांना आणि त्यांच्या घरच्यांना समोर बसवून त्यांनी सगळं समजावलं. आप्पांची मान खाली गेली. "लय वंगाळ झालं, बाई."

"बुरशी तर गेली ना? आता पुढचं."

पुढचं म्हणजे शिवण उसवायची, आधी शाई फुटते का ते बघायचं, आम्ल मारायला एकेक पान चुन्याच्या निवळीत बुडवायचं, वाळवायचं, परत शिवायचं. तेव्हापासून तेच चाललंय. बाई सांगलीला यायच्या, बोटं वाकडी होईपर्यंत आल्या. नंतर मी एकटी. कमरेचा काटा ढिला झाला, चुन्यानं हात भेगाळले, आणि धुतलेल्या पुस्तकांपेक्षा न धुतलेलीच जास्त दिसत राहिली. कार्यकारिणीतले विचारतात, "हे मोबाइलवर मिळत नाही का?" 

गेल्या वर्षी मी साताऱ्याला गेले ती हे काम सोडते म्हणून सांगायलाच. बाई अंथरुणाला खिळल्या होत्या. खोलीत खळीचा वास नव्हता. मी म्हटलं, "बाई, मला आता होत नाही."

मला वाटलं, रागावतील. त्यांनी वाकड्या बोटांनी माझा भेगाळलेला तळवा चाचपला. "मलाही होत नव्हतं गं. म्हणून तर तुला शिकवलं."

परत येताना एसटीत मी तोंड फिरवून रडले. दिवाळीच्या आधी बाई गेल्या.

आता वाचनालयाच्या मागच्या खोलीत मी वर्ग घेते. आप्पांची सून तासगावहून येते. पहिल्या दिवशीच म्हणाली, "आमच्या घरानं केलंय, आमच्या घरानंच काढाय पायजे." परवा तिनं त्याच धुरीतलं एक पान निवळीतून अखंड उचललं, वाळत घातलं आणि माझ्याकडे बघत उभी राहिली. खूप काही बोलावंसं वाटलं.

म्हटलं, "आता पुढचं."