सिस्टरांचा मसुदा

"आधी दुखतंय कुठं ते सांग गो," सिस्टर म्हणायच्या. समोर पोटुशी बाई असो, नवऱ्याशी भांडून आलेली शेजारीण असो, की माझा बंद पडलेला प्रिंटर. चष्मा डोक्यावर सरकवायच्या, दोन्ही हात मांडीवर ठेवायच्या आणि ऐकत बसायच्या. असं ऐकणारं माणूस तुम्हीही एखादं पाहिलं असेल. त्याच्यापुढे आपण ठरवल्यापेक्षा जास्त बोलून जातो.

मुरबाड तालुक्यातल्या उपकेंद्रांवर नर्स म्हणून त्यांची सगळी नोकरी झाली. निवृत्त झाल्यावर त्या शहापूरला आल्या, माझ्या टायपिंग-झेरॉक्सच्या दुकानामागच्या गल्लीत. सकाळची बुद्धवंदना आटोपली की दुकानात येऊन बसायच्या.

माझा कॉलेजातला एक मित्र तेव्हा मराठीत ब्लॉग लिहिण्याचं सॉफ्टवेअर बनवत होता. ते बाजारात यायला अवकाश होता. त्याआधी चार साध्या माणसांनी वापरून पाहावं आणि पहिल्यांदा काय वाटलं ते कळवावं, अशी त्याची इच्छा. मी सिस्टरांना विचारलं. ब्लॉग म्हणजे आपण लिहायचं आणि कुणीही आपल्या मोबाइलवर वाचायचं, एवढं समजावलं. हे अजून पुरं झालेलं नाही, मध्येच बिघडेल, हेही सांगितलं.

"म्हंजे सातव्या महिन्यातलं," त्या म्हणाल्या. "मग हलक्या हातानं घ्यायला पायजे."

दुपारी दुकानात गर्दी नसायची. त्या एका बोटानं टाइप करत बसायच्या. लिहिलेलं लोकांना दाखवायचं तर 'प्रकाशित करा', आणि आपल्यापाशीच ठेवायचं तर 'मसुदा ठेवा', अशी दोन बटणं होती. त्यांचं पहिलं मत मी मित्राला जसंच्या तसं कळवलं. अक्षर बारीक आहे. रंग डोळ्याला बरा आहे. पण मसुदा ठेवला की ठेवला म्हणून काही सांगत नाही. इंजेक्शन दिल्यावरसुद्धा आम्ही झालं म्हणून सांगतो, हे गप्प बसतं.

मित्र हसला. बघतो म्हणाला.

तापाच्या साथी, ओढ्यातून काढलेल्या वाटा, लस म्हटलं की माळ्यावर लपणाऱ्या बायका, असं बरंच त्यांनी लिहिलं. जुन्या ओळखीच्या गावांमधून लोक वाचू लागले. एक लेख मात्र त्यांनी मसुद्यातच ठेवला. धसईजवळच्या पाड्यातल्या एका बाईचं पहिलं मूल पोटातच गेलं होतं. गाडी नव्हती, सिस्टर चालत पोचेपर्यंत उशीर झाला होता. गावानं खापर त्या बाईवर फोडलं, शेवटपर्यंत भाताची लावणी करत होती म्हणून. तिचा काहीच दोष नव्हता, असं सिस्टरांनी लिहिलं होतं. तिच्या नावासकट.

मग मित्रानं सॉफ्टवेअरमध्ये काहीतरी बदल केला आणि सगळ्यांचे मसुदे उघडे पडले. आम्हाला कळलं ते धसईहून फोन आला तेव्हा. फोन त्या बाईच्या सुनेचा होता. तिनं ते वाचलं होतं, सासूलाही वाचून दाखवलं होतं.

मी लेख काढून टाकला आणि मित्राला फोनवर बोलू लागले. तो गयावया करत होता. सिस्टरांनी मला हातानं थांबवलं. त्याला नंतर बोल म्हणाल्या, आधी तिच्याकडे जाऊ.

मुरबाडला गाडी बदलून आम्ही धसईला गेलो. ती बाई बाजारात काकड्या घेऊन बसली होती. आता तीही साठीला टेकलेली. सिस्टर तिच्यासमोर जमिनीवरच बसल्या आणि म्हणाल्या, न विचारता लिहिलं, माझं चुकलं.

बाईनं ते ऐकलंच नसावं.

"सिस्टर, पोरगी व्हती?" तिनं विचारलं.

सिस्टरांनी चष्मा डोक्यावर सरकवला. "तुला कोणी सांगितलं नाय?"

"नाय. सासू बोलली, गेलं ते गेलं. मला बगू पन नाय दिलं."

"पोरगी होती. केस दाट होते."

"कोनावर गेलेली?"

दुसरं कुणी असतं तर तुझ्यावरच म्हणालं असतं. सिस्टर विचार करत होत्या. "एवढ्याशा तोंडावरून नाय कळत गो," त्या म्हणाल्या. "पण केस तुझेच होते."

बाईनं पदर तोंडाला लावला. गिऱ्हाईक आलं, काकड्या चाचपून निघून गेलं. मग ती म्हणाली, लिहिलं ते बरं केलंत. आता मात्र लोकांना नको, माझं मला पुरे. निघताना तिनं सिस्टरांच्या पिशवीत काकड्या घातल्या. सिस्टरांनी नको म्हटलं नाही.

त्यानंतर त्यांनी मित्राला एकच वाक्य कळवायला लावलं: माणसानं दार लावलं, तर ते लागलंय हे त्याला कळलं पाहिजे. त्यानं चूक दुरुस्त केली. पण ते सॉफ्टवेअर बाजारात आलंच नाही. त्याला पुण्यात नोकरी लागली आणि काम अर्ध्यावर राहिलं. सिस्टर अधूनमधून त्या सॉफ्टवेअरची चौकशी करायच्या, गावी राहिलेल्या नातलगाची करावी तशी.

गेल्या हिवाळ्यात सिस्टर गेल्या. एका सकाळी दुकानात आल्या नाहीत म्हणून मी बघायला गेले, तर झोपेतच गेल्या होत्या.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी धसईची बाई सुनेला घेऊन आली होती. फोटोपुढे फुलं ठेवून ती माझ्याशेजारी बसली. सिस्टर नंतरही बाजाराच्या दिवशी तिच्याकडे यायच्या, हे मला तेव्हा कळलं. दोघी बसून त्या पोरीचं बोलायच्या.

"आमी नाव ठेवलंय तिचं," ती म्हणाली. माझ्या कानाशी वाकून तिनं ते सांगितलं, आणि माझा हात धरून म्हणाली, "लिवू नको हां कुठं."

म्हणून लिहीत नाही.