सायकलवरून उतरणारी पोरगी

सत्तावन्न साली समुद्रपूरहून वर्ध्याला कॉलेजात आले तेव्हा मला इंग्रजीची धास्ती होती, वर्गातल्या मुलांची त्याहून जास्त. दोन्ही महिन्याभरात गेल्या. इंग्रजी मुलांनाही येत नव्हतं आणि मुलं आम्हा मुलींनाच घाबरत होती. मला खरं छळलं ते सायकलनं.

राहायला मी नालवाडीला आत्याकडे होते. कॉलेज तिथून लांब. आत्या खमकी बाई. तिनं शेजारणीची जुनी लेडीज सायकल मिळवली आणि मला शिकवलीसुद्धा. म्हणजे स्वतः कधी चालवली नसताना मागून ओरडून शिकवली. "समोर पाह्य ना! चाकाकडे काय पाहून राह्यली?" गुडघे फुटले, कोपर सोललं, पण आली. एकच गोष्ट काही केल्या जमेना, ती म्हणजे साडी सावरून जमिनीवरून सीटवर चढणं. मला ओटा लागायचा, नाहीतर चांगला मोठा दगड. आत्याच्या ओट्यावरून एकदा बसले की मात्र मी कोणाच्या बापाला ऐकत नसे.

बापाला ऐकत होते, तीच तर भानगड होती. आमच्या घरची रीत अशी, की वडीलधारं माणूस पायी येत असेल तर त्याच्या समोरून आपण वर बसून जायचं नाही. बैलबंडीत असलो तरी उतरायचं, पदर सारखा करायचा, नमस्कार करायचा, मग पुन्हा बसायचं. बाबा किराणा दुकानदार, गिऱ्हाइकांशी गोड, पण या बाबतीत भारी कडक. लहानपणी एकदा मी बंडीत तशीच बसून राहिले, तर दिवसभर माझ्याशी बोलले नव्हते.

आणि नालवाडीच्या रस्त्यावर रोज सकाळी, नेमके माझ्या वेळेला, एक काका फिरायला निघत. वर्ध्याचे ठोक व्यापारी, बाबा दुकानाचा माल त्यांच्याकडूनच घेत. वाटेतल्या कडुलिंबापाशी ते दिसले की मी उतरलेच. "नमस्कार काका." "हो बाई, जा." जा म्हणायला काय जातं! पुढं नाल्यावरच्या मोरीचा कठडा येईपर्यंत चढायला काही नाही. तिथवर सायकल हातात धरून मी पायपीट करायची. घामाघूम होऊन वर्गापाशी पोचावं तर इंग्रजीच्या सरांनी हजेरी उरकून दार लावलेलं.

पुढं पुढं तर काका मला पाहिलं की झाडाकडे तोंड करून उभे राहू लागले. मला फार वाईट वाटलं. आपलं काही चुकलं असणार! मी आणखी अदबीनं उतरू लागले, त्यांच्या पाठीला नमस्कार करू लागले. काका नुसते उसासे टाकत.

दिवाळीनंतर सरांनी बजावलं, "आणखी गैरहजेरी झाली तर परीक्षेला बसता येणार नाही." त्याच सुमारास बाबा माल घ्यायला आले. आत्यानं सगळं सांगून टाकलं.

"काऊन उशीर होते तुले?" बाबांनी विचारलं.

आता काय सांगू? तुमच्याच रीतीनं होतो म्हणू?

"परीक्षेलेच बसू देत नाई त राहून काय करतं? उद्या पेटी बांध, संग चाल."

"उद्याचा दिवस जाऊ द्या ना बाबा," मी म्हटलं. रडू आलंच.

सकाळी बाबा माझ्याआधीच बाहेर पडले होते. मी ओट्यावरून बसले, जिवाच्या आकांतानं पायडल मारले, आणि कडुलिंबापाशी पाहते तर काका झाडाकडे तोंड करून उभे आणि शेजारी खुद्द बाबा! हातांनी आपोआप ब्रेक दाबला. उतरले. पदर सारखा केला. संपलंच, म्हटलं. आता पेटी बांधायची.

बाबा काकांना म्हणाले, "हे काय? पोरगी नमस्कार करून राह्यली अन् तुम्ही पाठ करून उभे?"

काका गर्रकन वळले. "अवो, तिनं उतरू नाई म्हणून त पाठ करतो मी! मी पाह्यलंच नाई त कायले उतरते? पण तुमची पोरगी माह्या पाठीलेही नमस्कार करते! मंग जाते बिचारी पायी पायी."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. सायकलकडे पाहिलं. "चढता नाई येत काय?"

"दगड लागते."

त्यांनी येऊन सायकलचं हँडल धरलं, दुसरा हात माझ्यापुढं केला. "चढ."

"तुमच्यासमोर?"

"चढ म्हणतो ना!"

त्यांच्या हाताचा आधार घेऊन मी बसले. बाबांहून उंच. मान वर करायची हिंमत होईना, पाय पायडलवर तसेच थिजलेले. तेव्हा बाबांनी हँडल सोडून मागं कॅरिअर धरलं आणि तोंड शेताकडे फिरवलं. "हं. मी पाहून नाई राह्यलो. जा आता." आणि दिला धक्का.

सरांचा हात दाराला लागलेला असताना मी आत शिरले.

दुसऱ्या दिवशी बाबा परत निघाले. पेटीचं नावही काढलं नाही. समुद्रपूरच्या मोटारीला पुष्कळ वेळ होता, तरी लवकरच निघाले. मी कडुलिंबापाशी आले तर दोघं शेजारी शेजारी, झाडाकडे तोंड करून उभे. बाबांची पिशवी पायाशी. माझ्या बाबांनी, ज्यांच्यासमोर बंडीत बसायचीही कोणाची छाती नव्हती, त्यांनी मला लांबूनच येताना पाहून पाठ फिरवली असणार.

मी घंटी वाजवली. बाबांनी मागं न वळता हात वर केला. मी उतरले नाही.